पडत्या पाण्याचा वारा

उंचावरून येणारी पाण्याची धार साचलेल्या पाण्यात शिरते तेव्हा हवाही सोबत घेऊन जाते. घागरीत पाणी ओतताना वर येणारा फेस आणि धबधब्याखालच्या डोहाचे दुधासारखे पांढरे पाणी ही याचीच नेहमीची रूपे. लिओनार्दो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या आरंभी अशा धारेची बारकाईने रेखाटने केली. आज ती विंडसरच्या राजसंग्रहात आहेत. धार डोहात कशी घुसते, बुडबुडे कुठवर खाली जातात आणि भोवरे करत पुन्हा वर कसे उमलतात, हे त्यांत स्पष्ट दिसते.

धार पाण्याच्या पृष्ठभागाला भिडते तिथे तिच्याभोवती एक बारीक खळगी पडते. धारेचे अंग गुळगुळीत नसते. त्यावर सुरकुत्या आणि उंचवटे असतात, आणि त्यांच्या बेचक्यांत हवा अडकते. धारेच्या ओढीने ही हवा खळगीच्या तळाशी खेचली जाते आणि तिथे तुटून तिचे बुडबुडे होतात. खळबळत्या धारेचा वेग सेकंदाला साधारण १ मीटर झाला की ही क्रिया सुरू होते. एवढा वेग यायला ५ सेंटीमीटरची उडीही पुरते. काचेसारख्या नितळ धारेला मात्र याच्या कित्येक पट वेग लागतो. काही मिलिमीटरचा बुडबुडा साचलेल्या पाण्यात सेकंदाला २० ते ३० सेंटीमीटर वेगाने वर चढतो. त्यामुळे भोवतीचे पाणी याहून जास्त वेगाने खाली जात असेल, तर बुडबुड्याला वर यायची संधीच मिळत नाही. डोहात धार पसरते, तिचा वेग मंदावतो आणि बुडबुडे सुटतात. तीच धार उभ्या नळात कोंडली तर हवा पाण्याबरोबर नळाच्या तळापर्यंत पोचते.

या एका गोष्टीच्या जोरावर युरोपातल्या डोंगरी लोहारांनी जवळजवळ दोनशे वर्षे भट्ट्या फुंकल्या. त्यांच्या साधनाला फ्रेंच भाषेत ‘त्रोंप’ म्हणत. या शब्दाचा अर्थ तुतारी असाही होतो आणि हत्तीची सोंड असाही. त्रोंपमध्ये चाक, दट्ट्या, चामडे यांपैकी काहीच नव्हते. पाणी आणि हवा सोडली तर त्यात हलणारा भागच नव्हता. यंत्रांच्या इतिहासात इतक्या कमी सामानात इतके काम करणारी उदाहरणे फार थोडी सापडतात.

हा वारा पहिल्यांदा ठळकपणे कामाला आला तो संगीतासाठी. रोमजवळच्या तिवोली गावात कार्डिनल इप्पोलितो देस्ते याने आपल्या वाड्याभोवती कारंज्यांची बाग उभारली. आनिएने नदीचे पाणी बागेत आणले होते आणि सगळा खेळ उतारावर चाले. या बागेत लुक लक्लेर आणि क्लोद व्हेनार या फ्रेंच कारागिरांनी १५७१ च्या सुमारास एक ऑर्गन पुरा केला. तो वाजवायला वादक लागत नसे. उंचावरून पाणी एका बंद कोठडीत कोसळे. त्याच्यासोबत आलेली हवा कोठडीत वेगळी होऊन वर साचे आणि दाबाने ऑर्गनच्या नळ्यांत शिरे. खालून बाहेर पडणारे पाणी एक चाक फिरवी. चाकाला जोडलेल्या रुळावर खिळे होते आणि ते ठरल्या क्रमाने पट्ट्या दाबत. फ्रेंच निबंधकार माँतेन १५८१ मध्ये तिवोलीला आला. पाणी गुहेत जोराने पडते आणि तिथली हवा नळ्यांतून बाहेर ढकलते, हे त्याने प्रवासाच्या रोजनिशीत लिहून ठेवले. अशा कोठडीला पुढे ‘वायुकक्ष’ या अर्थाचे लॅटिन नाव मिळाले. जेझुइट विद्वान अथानासिउस किर्चर याने १६५० च्या आपल्या संगीतविषयक ग्रंथात तिची आकृती छापली. तिवोलीचा ऑर्गन मधल्या काळात मोडकळीला आला होता. २००३ मध्ये त्याची डागडुजी झाली आणि तो पुन्हा वाजू लागला.

नेपल्सच्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता याने ‘माजिया नातुरालिस’ या ग्रंथाची वीस भागांची वाढीव आवृत्ती १५८९ मध्ये काढली. पडत्या पाण्याने वारा निर्माण करण्याची युक्ती तिच्यात नोंदलेली आहे. त्रोंपच्या सर्वांत जुन्या लिखित उल्लेखांमध्ये तिची गणना होते. ही युक्ती आधी कुणाला सुचली, बागेतल्या कारागिराला की भट्टीवरच्या लोहाराला, हे सांगता येईल असा पुरावा हाती नाही. बंदिस्त उतारावर धो धो पडणाऱ्या पाण्याजवळ उभे राहिले की अंगावर गार वारा येतो. डोंगरातल्या माणसाला तेवढा इशारा पुरेसा असावा.

लोखंड गाळण्याच्या कामात खरा प्रश्न वाऱ्याचाच असतो. लोणारी कोळसा नुसता पेटवून खनिजाचे लोखंड होत नाही. ज्वाळेला सतत, न तुटणारा वारा लागतो. जगभर यासाठी भाता वापरात होता. सह्याद्रीतल्या धावडांनीही कातडी भात्यांवरच लोखंड गाळले. पण भात्याला सतत माणसे लागतात, चामडे तापून फाटते आणि प्रत्येक दाबामागे वारा क्षणभर ओसरतो. युरोपात मध्ययुगातच भात्याला पाणचक्की जोडली गेली होती. तरी चामडे, सांधे आणि दांडे यांची कटकट तशीच राहिली. सतराव्या शतकात पिरेनीज पर्वतातल्या कातालान भट्ट्यांनी त्रोंप स्वीकारला आणि ही सगळी कटकट संपली.

कातालुन्या, आंदोरा आणि फ्रान्सचा आरिएझ प्रांत हा या भट्ट्यांचा मुलूख. त्यांना स्थानिक भाषेत ‘फार्गा’ म्हणत. जंगल, खनिज आणि वाहता ओढा या तिन्ही गोष्टी जिथे जवळजवळ होत्या, तिथे फार्गा उभी राहिली. आरिएझमध्ये विक्देसोस खोऱ्यातल्या रांसिए खाणीचे समृद्ध खनिज मिळे. ओढ्याचे पाणी पाटाने कड्याच्या काठावर लाकडी किंवा दगडी टाक्यात आणत. टाक्याच्या तळातून सहसा दोन उभे नळ खाली उतरत. त्यांची उंची ७ ते १० मीटर असे. हे नळ म्हणजे अख्खी झाडे, खोडे कोरून किंवा उभी चिरून पुन्हा जोडलेली. कामगार त्यांना ‘झाडे’च म्हणत. नळाच्या तोंडाशी दोन फळ्या तिरप्या बसवून वाट आवळलेली असे. या जागेचे फ्रेंच नाव गळा आवळणे या अर्थाच्या क्रियापदावरून आले आहे. पाणी या गळ्यातून बारीक होऊन जोरात सुटे. गळ्याच्या जरा खाली नळाला तिरपी भोके असत आणि त्यांतून हवा आत ओढली जाई.

नळांच्या तळाशी एक मोठी लाकडी पेटी असे. पेटीत दगडाचा किंवा जाड फळीचा ओटा असे आणि पाणी त्यावर आदळे. आदळताच फेस फुटे. पाणी खाली बसे, हवा वर राही. पाणी पेटीच्या तळाशी असलेल्या झडपेतून बाहेर पडे. त्याची पातळी अशी राखत की हवेला त्या वाटेने निसटता येऊ नये. मग हवेला एकच वाट उरे, वरच्या नळीतून भट्टीच्या तोटीकडे. पेटीतल्या हवेचा दाब बाहेर जाणाऱ्या पाण्याने अडवून धरलेल्या उंचीएवढाच असतो. सुमारे मीटरभर पाण्याचा अडसर म्हणजे पाऱ्याच्या स्तंभात सात-साडेसात सेंटीमीटर. हा दाब कमीच, पण कातालान भट्टीला तेवढा पुरे. उंच झोतभट्टीला तो पुरला नसता. त्रोंप आणि फार्गा यांची सांगड दोनशे वर्षे टिकली ती या मापाच्या जुळणीमुळे.

कातालान भट्टीत लोखंड वितळत नसे. खनिजातला ऑक्सिजन कोळशाच्या वायूने ओढला जाई आणि लोखंडाचा पिठूळ गोळा मळीसकट तळाशी जमे. एक घाण सुमारे ६ तास चाले आणि शेवटी साधारण १५० किलो लोखंड हाती येई. या ६ तासांत वारा एकसारखा ठेवून चालत नसे. सुरुवातीला तो मंद हवा, नाहीतर खनिज तयार होण्याआधीच मळीत वाहून जाई. पुढे टप्प्याटप्प्याने वाढवावा लागे. यासाठी वरच्या टाक्यात नळाच्या तोंडावर पाचर बसवलेली असे. तरफ आणि साखळीच्या आधाराने भट्टीजवळ उभा असलेला कारागीर ती वर-खाली करी. वाऱ्याचा अंदाज ज्वाळेच्या रंगावरून आणि तोटीच्या आवाजावरून घेतला जाई. एकोणिसाव्या शतकात त्याला दाब मोजण्याच्या नळीची जोड मिळाली. भट्टीतून निघालेला लाल गोळा चिमट्यांनी ओढून मोठ्या घणाखाली नेत. तो घण त्याच ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाने उचलला जाई. एकाच प्रवाहाने भट्टी फुंकायची आणि लोखंडही कुटायचे, अशी ही व्यवस्था होती.

तोटे होतेच. पाणी पुष्कळ लागे आणि त्यातल्या शक्तीचा फार थोडा भाग वाऱ्यात उतरे. तुलूझच्या खाण अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोजमापे घेतली, तेव्हा हा भाग शेकडा १० ते १५ च्या आसपास निघाला. उन्हाळ्यात ओढे आटत, कडक थंडीत टाकी गोठत आणि भट्टी थांबे. पाण्यातून आलेली हवा दमट असते, म्हणून ती कोळशाची धग खाते अशीही तक्रार होती. तरीही डोंगरातल्या मालकाला हिशेब परवडे, कारण पाणी फुकट होते आणि दुरुस्तीला गावचा सुतार पुरे.

पाण्यातून वारा येतो कसा, हे मात्र विद्वानांना बराच काळ उलगडले नव्हते. पाण्याचेच रूपांतर हवेत होते, अशी एक जुनी समजूत होती. पाण्याचे घटक वेगळे करता येतात हे अठराव्या शतकाच्या अखेरीस कळल्यावर तिला नवा जोर चढला. १७८६ मध्ये पिको द लापेरूझ आणि बॅरन द दीत्रिक या दोघांनी पिरेनीजच्या भट्ट्यांवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केले आणि लोहारांचे हे ज्ञान अभ्यासकांपुढे आले. १७९७ मध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने उत्तर दिले. वाहता द्रव शेजारच्या द्रवाला किंवा हवेला आपल्या वेगाचा वाटा देतो आणि त्याला सोबत ओढतो, हे त्याने एका प्रबंधात प्रयोगांनी दाखवले. त्याच प्रबंधात त्याने पाण्याच्या भात्याचा, म्हणजे त्रोंपचा, खुलासा केला. गुरुत्वाने वाढणारा पाण्याचा वेग आणि शेजाऱ्याला दिलेली ओढ या दोन गोष्टी मिळून हवा खाली नेतात. पाण्याची हवा होत नाही. निमुळत्या नळीमुळे व्हेंतुरीचे नाव आज पाठ्यपुस्तकांत आहे. ती नळी आणि लोहाराच्या झाडाचा आवळलेला गळा एकाच प्रबंधात शेजारी शेजारी होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पिरेनीजच्या भट्ट्यांवरचा तोम रिशार याचा १८३८ चा आणि झ्यूल फ्रांस्वा याचा १८४३ चा ग्रंथ आला, तोवर या धंद्याची संध्याकाळ झाली होती. दगडी कोळशाचा कोक, उंच झोतभट्ट्या आणि रेल्वे यांमुळे स्वस्त लोखंड डोंगरात येऊ लागले, आणि जंगलेही विरळ झाली होती. आंदोराच्या ला मास्साना इथली फार्गा रोसेल १८४० च्या दशकात बांधली गेली आणि १८७६ मध्ये थंडावली. आता तिथे संग्रहालय आहे.

भट्टीतून बाहेर पडलेला त्रोंप तोवर प्रयोगशाळेत शिरला होता, आणि तिथे त्याचे काम उलटे झाले. भट्टीला खाली साचणारी हवा हवी होती. रसायनशास्त्रज्ञाला वरून ओढली जाणारी हवा उपयोगी वाटली, कारण ती जिथून निघून जाते तिथे पोकळी राहते. लंडनमध्ये काम करणाऱ्या हेरमान श्प्रेंगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पाण्याऐवजी पारा वापरला. बारीक काचनळीतून पाऱ्याचे थेंब एकामागून एक पडतात आणि दोन थेंबांमध्ये अडकलेली हवा घेऊन जातात. या पंपाने तोवर न साधलेली पोकळी साधली. एडिसनने १८७९ मध्ये टिकाऊ दिवा बनवला, तेव्हा काचेचे फुगे रिकामे करायला याच तत्त्वाचे पंप कामी आले. रॉबर्ट बुन्सेन याने गाळणीचे काम वेगाने व्हावे म्हणून पाण्याचा पंप प्रचारात आणला. नळाच्या तोटीला लावायचा तो लहान पंप महाविद्यालयांच्या रसायनशाळांत पुढे शंभर वर्षे दिसत राहिला. फ्रेंच भाषेत त्याला अजूनही त्रोंपच म्हणतात.

भट्टीच्या त्रोंपची खरी मर्यादा दाबाची होती, आणि ती ओलांडण्याचा मार्ग त्याच्या रचनेतच दडलेला होता. हवेचा दाब पाणी किती उंचावरून पडते यावर ठरत नाही. हवा पाण्यापासून वेगळी होते ती जागा किती खोल आहे, यावर तो ठरतो. पाण्याची पडती उंची शक्ती देते आणि खोली दाब देते. म्हणजे नदीला उतार थोडा असला तरी चालेल. खाली विहीर खोल खणायची, तळाशी हवा वेगळी करायची आणि पाण्याला दुसऱ्या विहिरीतून पुन्हा वर यायला लावायचे. अमेरिकन अभियंता जोसेफ फ्रिझेल याने १८७० च्या दशकात या दिशेने प्रयोग केले. ती कल्पना मोठ्या प्रमाणावर उभी केली ती कॅनडाच्या चार्ल्स हॅवलॉक टेलरने. बांधाच्या खाली गोठलेल्या नदीच्या बर्फाखाली हवा साचते आणि बर्फाला भोक पाडताच ती जोराने सुटते, हे पाहून त्याला ही वाट सुचली असे सांगतात.

टेलरचा पहिला कारखाना १८९६ मध्ये क्वेबेकमधल्या मॅगॉग गावी एका कापडगिरणीसाठी सुरू झाला. इथे पाण्याची पडती उंची २० फुटांच्या आसपास होती, पण विहीर १२० फुटांहून खोल होती. त्यामुळे हवा चौरस इंचाला ५२ पौंड दाबाने मिळे. मॅकगिल विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी चाचणी घेतली, तेव्हा पाण्याच्या शक्तीचा सुमारे ६२ टक्के भाग हवेत उतरलेला आढळला. पिरेनीजच्या १०-१५ टक्क्यांशी तुलना केली की झेप लक्षात येते. टेलरने विहिरीच्या तोंडाशी पुष्कळ लहान नळ्या बसवल्या होत्या. त्यामुळे हवा बारीक बुडबुड्यांत वाटली गेली. लहान बुडबुडा सावकाश वर चढतो, म्हणून पाण्याला तो खाली न्यायला कमी कष्ट पडतात. पुढच्या दहा वर्षांत ब्रिटिश कोलंबिया, कनेक्टिकट आणि मिशिगनमधल्या तांब्याच्या खाणीवर असे कारखाने झाले.

यांतला सर्वांत मोठा कारखाना ऑन्टारिओमध्ये कोबाल्ट गावाजवळ, मॉन्ट्रियल नदीच्या रॅगेड शूट्स या उतारावर उभा राहिला. कोबाल्टला १९०३ मध्ये रेल्वेमार्ग टाकताना चांदी सापडली आणि काही वर्षांत तिथे खाणींचे जाळे पसरले. दगड फोडायला दाबाच्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे लागत. ही हवा वाफेच्या यंत्रांनी तयार करायची तर कोळसा लांबून आणावा लागे आणि तो महाग पडे. १९१० मध्ये टेलरचा कारखाना सुरू झाला. नदीची पडती उंची ५४ फूट होती. पाणी आणि हवा यांचे मिश्रण ३५१ फूट खोल विहिरीतून खाली जाई आणि तळाशी हजार फुटांहून लांब बोगद्यातून संथपणे वाहे. तेवढ्या वेळात बुडबुडे वर चढत आणि बोगद्याच्या छताशी हवा साचे. पाणी सुमारे ३०० फूट उंचीच्या दुसऱ्या विहिरीतून वर येऊन धबधब्याच्या पायथ्याशी नदीला मिळे. या ३०० फूट पाण्याच्या भाराने हवा चौरस इंचाला १२० पौंडांहून जास्त दाबाखाली राही. तिथून जाड नळाने ती ९ मैलांवरच्या कोबाल्टला पोचे आणि गावात फाट्या फुटून खाणीखाणीत जाई.

या हवेचे काही गुण खाणकामाला फार उपयोगी पडले. साध्या संपीडकात हवा दाबली की तापते, म्हणून तिला नंतर थंड करावे लागते. इथे प्रत्येक बुडबुडा पाण्याने वेढलेला असल्याने उष्णता निर्माण होताच पाण्यात जाई आणि हवा नदीइतकीच थंड राही. दाब वाढला की हवेची बाष्प धरण्याची ताकद घटते, त्यामुळे जादा बाष्प तळाशीच पाण्यात उतरे. पाण्यातून गेलेली हवा दमट असते, ही पिरेनीजमधली तक्रार इथे पुरती उलटली. ही हवा पसरल्यावर कोरडी असे, आणि कॅनडाच्या थंडीत यंत्रांच्या तोंडाशी बर्फ साचण्याचा त्रास कमी झाला. एक दोषही होता. पाण्यात ऑक्सिजन नायट्रोजनच्या जवळजवळ दुप्पट विरघळतो. खोल दाबाखाली त्याचा बराच भाग पाण्याबरोबर निघून जाई आणि हवेतले त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरे. या हवेत मेणबत्त्या नीट जळत नसत.

खाणींची मागणी कमी झाली की बोगद्यात हवा साचत जाई आणि तळाचे पाणी खाली ढकलले जाई. ठरावीक पातळीला सुटकेच्या नळाचे तोंड उघडे पडे आणि पाणी-हवेचे उंच कारंजे गर्जत नदीवर उडे. ते पाहायला लांबून लोक येत. हलणारे भाग जवळपास नसल्याने कारखान्याला माणसे थोडी लागत. चांदीच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या तरी तो चालत राहिला. ७० वर्षांहून अधिक चालून तो १९८१ मध्ये थांबला. टेलरच्या धर्तीचे नवे कारखाने मात्र पहिल्या महायुद्धानंतर फारसे झाले नाहीत. वीज तारेने कुठेही नेता येते आणि विजेचा संपीडक खाणीच्या तोंडाशीच ठेवता येतो. खोल विहिरी खणण्याचा खर्च त्यापुढे टिकला नाही.

पाण्यासोबत हवा खाली जाण्याचा अभ्यास मग वेगळ्या कारणांनी पुढे गेला. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या कोलंबिया नदीवरच्या धरणांखाली सामन मासे बुडबुड्यांच्या आजाराने मरू लागले. सांडव्यावरून कोसळणारी धार हवा खोल डोहात नेत होती. तिथल्या दाबाखाली हवा गरजेहून जास्त विरघळत होती आणि माशांच्या रक्तात पुन्हा बुडबुडे धरत होते. रॅगेड शूट्सच्या बोगद्यात जे घडे तेच इथे आपोआप घडत होते. सांडव्याच्या पायाशी ओठासारखे कट्टे बांधून धार डोहात घुसण्याऐवजी पृष्ठभागावरून सरकेल अशी योजना करण्यात आली. सांडपाण्यात हवा मिसळण्यासाठी आणि रासायनिक पात्रांत वायू व द्रव एकत्र आणण्यासाठी मात्र हीच धार हवीशी ठरली. १९९३ मध्ये पोलंडचे रसायन अभियंते आंद्झेय बिन यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. नळीचा व्यास, धारेचा वेग, पडण्याची उंची आणि धारेचा खडबडीतपणा यांवरून किती हवा खाली जाईल, हे त्यात एकत्र मांडलेले आहे.

अलीकडे त्रोंपही नव्याने उभा राहिला आहे. पेनसिल्व्हानियात जुन्या कोळसाखाणींतून लोहयुक्त पाणी सतत वाहते. तिथे या पाण्याच्याच उतारावर लहान त्रोंप बसवतात आणि त्यांची हवा त्याच पाण्यात सोडून विरघळलेले लोह गंजाच्या रूपात खाली बसवतात. त्यामुळे वीज नसलेल्या दरीतही हे काम होते. ऑन्टारिओच्या सडबरी शहरात लॉरेन्शियन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० च्या दशकात सुमारे ३० मीटर उंचीचा प्रायोगिक संपीडक बांधला. तिथे नदी नाही, म्हणून पाणी पंपाने वर चढवून पुन्हा पुन्हा खेळवतात. पंपाची वीज खर्च करूनही बुडबुड्यांभोवतीच्या पाण्यात उष्णता जिरण्याचा फायदा पदरात पडतो का, याची मोजणी या संपीडकावर होते. खोल खाणींना दाबाची हवा आणि गारवा दोन्ही लागतात, आणि या प्रयोगामागे तीच गरज आहे.